फाटकातला नारळ

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकते, असं कुणी म्हटलं तर मी तो माझा अपमान समजतो. तिथं पालींची अख्खी वसाहत आहे आणि त्या पाळ्या लावून ड्युटी करतात. एक झोपली की दुसरी उठते. याला मी स्वभावदोष मानत नाही, कारण मला पगार मिळतो तो याच पालींचा. भोर आणि वेल्हे तालुक्यांत आमचा कंत्राटदार विजेची सबस्टेशनं उभी करतो. त्यांच्यासाठी कारखान्यातून जो अवजड माल येतो, ट्रान्सफॉर्मर म्हणा, केबलची ड्रमं म्हणा, चिनी मातीचे दांडगे इन्सुलेटर म्हणा, तो ताब्यात घेणारा माणूस मी. गाडी आली की तिच्याभोवती फिरायचं, ठोकायचं, हुंगायचं, वाकून बघायचं आणि मग पोचेवर सही करायची. सही एवढीशीच असते. पण सहीच्या अलीकडं मालाला काही झालं तर ते ट्रान्सपोर्टवाल्याच्या अंगावर, आणि पलीकडं झालं तर आमच्या. आमच्या म्हणजे माझ्या.

या सहीपायी मी लोकांना इतकं पिडलंय की भोरची बिल्टी, म्हणजे मालासोबतचा वाहतुकीचा कागद, हातात पडली की ड्रायव्हर लोक आजारी पडतात. एकदा केबलच्या ड्रमवर बसून एक कबूतर आलं. बिल्टीत कबुतराचा उल्लेख नव्हता. मी ड्रम उतरवून घेतलं आणि कबूतर त्याच गाडीनं, त्याच जागेवर बसवून परत धाडलं, आणि पोचेवर तसा शेरा मारला. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं कबुतराला विचारावं. घरी दूध आलं की मी पातेलं उजेडात धरून बघतो. बायको एकदा म्हणाली, "मला आणलंत तेव्हा कुठं एवढं ठोकून बघितलं होतं?" मी म्हणालो, बघितलं होतं, आवाज चांगला आला म्हणून तर सही केली. तो आठवडा मी आमटीतलं मीठ शोधण्यात घालवला.

तर त्या साली विंझरच्या अंगाला आमचं नवं सबस्टेशन उभं राहत होतं. त्या पट्ट्यात तेव्हा विजेचा दाब असा, की दिवा लागलाय की नाही हे बघायला लोक काडी ओढायचे. पंख्याचं एक पातं पुढच्या पात्याची वाट बघत थांबायचं. त्यामुळं कारखान्यातून मोठा ट्रान्सफॉर्मर निघाला ही बातमी आमच्या आधी गावाला होती. गावाच्या भाषेत ती 'मोठी डीपी'. ती कधी येणार हे मला भाजीवाल्यापासून देवळातल्या गुरवापर्यंत सगळ्यांनी विचारून झालं होतं.

भाताची झोडणी चालू होती तेव्हा ती आली. ट्रेलर केवढा सांगू? त्याचं तोंड विंझरला पोचलं तेव्हा शेपूट अजून चेलाडीच्या फाट्यावर वळत होतं. सकाळी ड्रायव्हरचा फोन आला, "साहेब, फाटकात हाय." मी भोरात होतो. मी त्याला सांगितलं की गाडी फाटकाच्या आत घे, उभी कर, आणि मी येईपर्यंत कशाला हात लावू नको, कुणाला लावू देऊ नको. हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढं फार महागात पडणार होतं.

कापूरहोळला कोंडी होती, त्यामुळं मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ड्रायव्हर सोलापूरकडचा, पन्नाशीला आलेला, सुताराच्या दुकानातल्या फळीसारखा सरळ आणि कोरडा. त्यानं मला बघितल्याबरोबर नमस्कार केला. माझी पहिली पाल तिथंच चुकचुकली. ज्याचा माल धड असतो तो ड्रायव्हर आधी चहा मागतो, नमस्कार करत नाही.

मी फेरी सुरू केली. आधी चाकं, मग साखळ्या, मग खालच्या लाकडी ठोकळ्यांवर घासल्याच्या खुणा. रेडिएटरच्या पंखांमधून बोट फिरवलं. तेलाचा एक थेंब कुठं ओघळलाय का, म्हणून टाकीच्या पोटाखाली पाठीवर सरपटत गेलो. वर दाबाचा काटा असतो, पोटातला वायू निसटला तर तो खाली बसतो. तो काटा जागेवर होता. सगळं ठीक होतं. एवढं ठीक असलेलं मला आवडत नाही.

आता एक वस्तू सांगायला हवी. ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर कारखानावाले काडेपेटीएवढी एक चकती चिकटवतात. तिच्यात एक पांढरी नळी असते. वाटेत मालाला जोराचा धक्का बसला तर ती नळी लाल होते आणि मग काही केल्या परत पांढरी होत नाही. मी तिला चुगलखोर म्हणतो. फक्त ही चुगलखोर अर्धवट आहे. कुणीतरी धक्का दिला एवढं सांगते. कुणी, कुठं, कधी हे विचारलं तर गप्प बसते. आमच्या या ट्रान्सफॉर्मरवर अशा दोन होत्या, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या.

डावी पांढरीफेक. उजव्या बाजूला गेलो तर तिथं हळदकुंकवाचा सडा. टाकीच्या त्या अंगाला कंट्रोलच्या तारांचा एक पत्र्याचा डबा असतो, कपाटाएवढा. त्या डब्याच्या दारावर पाच बोटं ओढलेली, वर झेंडूची माळ. आणि डब्याच्या वरच्या कडेला चिकटलेली चुगलखोर कुंकवात अशी बुडलेली की नळी दिसेचना. रुमालाचं टोक भिजवून मी कुंकू पुसलं. नळी लाल होती.

आता तुमच्यासारखा सरळ माणूस काय म्हणेल? कुणीतरी पूजा केली, कुंकू सांडलं. मी काय म्हणालो? लाल लपवायला कुणीतरी लाल फासलंय.

मी ड्रायव्हरला हाक मारली. तो आला, वर बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग जणू त्या नळीनंच ओढून घेतला. मी विचारलं, हे कुंकू तुझं का? तो नाही म्हणाला. त्यानं कारखान्याच्या दारात पूजा केली होती, पण चाकाची. लिंबू चाकाखाली आणि नारळ बंपरवर. मशीनला त्यानं बोटसुद्धा लावलं नव्हतं. मग हे कुणी केलं? त्याला माहीत नाही. म्हणजे गाडी सोडून कुठं गेला होतास? इथं पोचल्यावर चहाला, रस्त्यापलीकडच्या टपरीवर. आणि वाटेत? रात्री किकवीला थांबला होता, हॉटेलासमोर.

किकवी म्हटल्यावर मला धागा सापडला. मी त्या हॉटेलवाल्याला ओळखतो. खरं तर मी सगळ्यांनाच ओळखतो, फक्त विश्वास कुणावर ठेवत नाही. त्याला फोन लावला आणि विचारलं की सोलापूरकडच्या ड्रायव्हरचा लांब ट्रेलर कुठं आपटला-बिपटला का. तो म्हणाला की इथं रात्रभर ट्रेलरच ट्रेलर असतात, त्यातला एक आपटला तर ऐकू कसं येणार. मी मनात नोंद केली की हॉटेलवालाही सामील असू शकतो.

ड्रायव्हर ठोकळ्यावर बसला होता. मी बिल्टीवरचा शेऱ्याचा रकाना उघडला तेव्हा तो हळूच म्हणाला, "साहेब, एक सांगू का ओ? मागच्या खेपेला माझ्या गाडीतले दोन इन्सुलेटर फुटले होते. मालकानं सांगितलंय, अजून एक शेरा आला तर ट्रेलरवरनं उतर. वीस वर्षं स्टिअरिंग धरलंय. त्यातून उतरून मी दुसऱ्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून जाऊ का या वयात?"

खरं सांगतो, दुसऱ्या कुणाचं काळीज वितळलं असतं. माझ्या काळजात मात्र पालींनी एकदम टाळ वाजवले. म्हणजे याला लपवायला कारण आहे! इन्सुलेटर फोडल्याचा इतिहास आहे! आणि डावी चकती एवढी पांढरी का? लाल झालेली काढून नवी चिकटवली असेल. मी नखानं तिची कड उचकटून डिंक जुना आहे का ते बघितलं. जुनाच होता. मग मी असं ठरवलं की त्यानं जुना डिंक वापरला असेल.

आमच्या साहेबांना फोन लावला. ते पुण्यात बसतात आणि तिथून माल बघतात. ते म्हणाले, हात लावू नको, 'वाटेत धक्का' असा शेरा मार आणि गाडी परत पाठव. कारखानावाले उघडून बघतील. परत म्हणजे किती दिवस? ते त्यांच्यावर, दोन-तीन महिने धर. साहेबांना सोपं होतं. माल अलीकडं राहत होता.

क्रेन भाड्यानं घेतलेली उभी होती. आमच्याकडं तिला हायड्रा म्हणतात. हायड्रावाला दोरखंडावर आडवा होऊन झोपला होता, कारण त्याला तासावर पैसे होते आणि माझ्या संशयाचे सगळे तास त्याच्याच पदरात पडत होते.

मी पेनाचं टोपण काढलं, तेवढ्यात फाटकातून एक बाई आत आल्या. रस्त्यापलीकडं त्यांची भाताची आणि पिठाची गिरणी. नवरा वारल्यापासून त्याच चालवतात. दाब कमी असला की गिरणी मध्येच बसते, तांदळाची कणी होते आणि गिऱ्हाईक पोती उचलून नसरापूरला जातं. त्यांच्यासोबत त्यांचे धाकटे दीर होते, हातभर रुंद छातीचे. पूर्वी तालमीत होते, आता भात झोडतात. त्यांनी पेंढी आपटली की दाणे पुढच्या शिवारात पडतात. ती डीपी कधी चालू होणार एवढंच विचारायला आली होती मंडळी. पण बाईंची नजर माझ्या रुमालाकडं गेली.

"पुसलंत का भाऊ?" त्या म्हणाल्या. "म्या लावलं व्हतं. चांगलं वाट बघून बघून लावलं व्हतं."

ड्रायव्हर ठोकळ्यावरून उभा राहिला.

मी बाईंना जवळ बोलावलं आणि पोलीस ज्या आवाजात विचारतात त्याच्यापेक्षा जरा गोड आवाजात सगळं विचारलं. हकिगत अशी निघाली. गाडी फाटकात लागल्याचं कळताच बाई ताट घेऊन आल्या. ड्रायव्हर चहाला गेलेला. त्यांनी हळदकुंकू वाहिलं, माळ घातली आणि नारळ फोडला. फोडला म्हणजे दिरांनी फोडला. कुठं? डब्यावर. का डब्यावर? चाकावर का नाही? या प्रश्नावर बाईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शाळेत कधी गेलोच नव्हतो.

"चाक ड्रायवरचं हाय. त्याचा नारळ चाकावं. आमची डीपी हाय, आमचा नारळ डीपीवं."

यात चूक काढायला मला जागा मिळाली नाही. मग मी दिरांकडं वळलो. नारळ एका दणक्यात फुटला का? ते म्हणाले, न्हाई. चांगला तीन-चारदा हाणला, पत्रा दणाणला, पण फुटंना. न फुटलेला नारळ माघारी न्यायचा नसतो. मग सगळा जोर लावून हाणला, तेव्हा फुटला.

मी डब्याचं दार उघडलं. बिजागरीत शेंडीचे तंतू अडकले होते. दाराच्या वरच्या कोपऱ्यात, चुगलखोर चकतीच्या बोटभर खाली, खोलगट पोचा होता. त्यात नारळ बसवला असता तर कारखान्यातच मापानं घडवलाय असं वाटलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, सुटलं कोडं. तुम्ही माझ्या जागी कधी उभे राहिला नाहीत. मला वेगळंच दिसत होतं. गाडी परत गेली तर कुणाचं नुकसान? गिरणीवालीचं. गाडी राहिली तर कुणाचा फायदा? गिरणीवालीचा. ड्रायव्हर चहाला कुठं गेला होता? गिरणीशेजारच्या टपरीवर. एक कप चहात अख्खा कट शिजवता येतो. पोचा काय, मागूनही पाडता येतो. आणि नारळासारख्या नारळानं एवढा ट्रान्सफॉर्मर हलेल हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

म्हणून मी खटला भरवला. आमच्या भंगारात तसाच एक जुना डबा पडलेला होता, आणि माझ्या कपाटात एक कोरी चुगलखोर, मागं कारखान्यानं चुकून जादा पाठवलेली. डबा आणून त्याच ट्रेलरच्या कडेला आवळून बांधला. चकती त्याच जागी चिकटवली. मी जाहीर केलं की नारळानं नळी लाल झाली तर ड्रायव्हर सुटला, न झाली तर शेरा. तोवर फाटकात माणूस जमलं होतं. झोडणी सोडून लोक आले होते. हायड्रावालाही उठून बसला.

दीर दुकानातून नारळ घेऊन आले. मी तो कानाशी हलवून बघितला, शेंडी ओढून बघितली, डोळे मोजले. त्यांनी बाह्या सारल्या आणि एकच ठेवून दिली. नारळ कुणीतरी आधीच चिरून ठेवल्यासारखा फुटला, पाणी माझ्या चष्म्यावर. चष्मा पुसून मी नळी बघितली. ती पांढरी होती. दुधासारखी, मी तपासलेल्या दुधासारखी.

ड्रायव्हर परत ठोकळ्यावर बसला आणि पायातली चप्पल उगाच काढून परत घालू लागला. मी पेन काढलं. खोटं कशाला सांगू, माझं समाधान झालं होतं. माझा संशय खरा निघाला की मला जेवल्यासारखं वाटतं.

"ह्यो नारळ चालायचा न्हाई," बाई म्हणाल्या. "ह्यो पाण्याचा. माझा येगळा व्हता."

मी म्हणालो, नारळात वेगळं काय असतं?

तेव्हा कळलं की बाईंनी फोडलेला नारळ नवसाचा होता. वर्षापूर्वी सबस्टेशनच्या जागेवर पहिला खड्डा खणला, त्या दिवशी त्यांनी तो लाल फडक्यात बांधून गिरणीच्या आढ्याला टांगला होता. मोठी डीपी येईल त्या दिवशी फोडायचा. वर्षभर तो तिथं टांगला होता. गिरणीची धग, कोंड्याची धूळ. आतलं पाणी आटलेलं, खोबरं सुटून खुळखुळणारं, आणि कवटी अशी, की तिच्यावर हातोडा घातला तर हातोड्याला टेंगूळ यावं. म्हणून तो सहज फुटला नाही.

मी म्हणालो, ठीक आहे, आणा मग तसलाच. आणि मनात म्हणालो, आता आणतील कुठून. नवसाचे नारळ काही दुकानात मिळत नाहीत. ज्याचा त्याचा आढ्याला असतो आणि ठरलेल्या दिवसाआधी त्याला कुणी हात लावत नाही.

बाईंनी दिरांकडं बघितलं. दिरांनी जमिनीकडं बघितलं. त्यांच्या गोठ्यात एक होता, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. वरच्या वावरात बोअर घ्यायची, पाणी लागलं की फोडायचा. दोन पावसाळे तो टांगलेला होता आणि बोअरवाला अजून तारीख देत होता.

बाई म्हणाल्या, "भावजी, म्या सांगत न्हाई. तुमचा नवस हाय."

दिरांनी ड्रायव्हरजवळ जाऊन त्याला विचारलं की त्याला पोरंबाळं किती. त्यानं सांगितलं. दीर फाटकाबाहेर गेले आणि विटलेल्या फडक्यातला नारळ घेऊन आले. फडकं सोडलं, नारळ कपाळाला लावला, काहीतरी पुटपुटले. मला एवढंच ऐकू आलं, "घे सांभाळून. दुसरा बांधतो."

मी तो नारळ तपासला नाही. हातात घ्यायचं मनातच आलं नाही, असं माझ्या नोकरीत आधी कधी झालेलं आठवत नाही.

पहिला दणका. पत्र्याचा आवाज तोरण्यावर आपटून परत आला, नारळ जसाच्या तसा. दुसरा, तिसरा. विंझरच्या सगळ्या कोंबड्या झाडावर चढल्या. मग दिरांनी एक पाऊल मागं घेतलं, आणि जो हाणला म्हणता, की हायड्रा आपल्या चाकांवर उडाली आणि दोन बोटं पुढं जाऊन बसली. नारळ फुटला. वाळकं खोबरं गोटीसारखं घरंगळत माझ्या पायाशी आलं.

नळी लाल होती. भंगारातल्या डब्याला त्याच ठिकाणी तसाच पोचा.

पाली तरीही बोलल्या. त्या म्हणाल्या, चकतीच खराब असेल. पण मला दिसत होतं ते हे, की एक माणूस दोन पावसाळे सांभाळलेला नवस, पाणी लागायच्या आधी, न ओळखणाऱ्या ड्रायव्हरसाठी फोडून मोकळा झाला होता. खोटं बोलायला माणसं पैसे देतात, दारू देतात, चहा तर देतातच. असा नारळ देत नाहीत. पाली पहिल्यांदाच गप्प बसल्या, आणि त्या गप्प बसल्यावर मला अवघड जागी उभं असल्याचं कळलं.

कारण धक्का वाटेत बसला नव्हता. तो फाटकाच्या आत बसला होता. गाडी फाटकाच्या आत कुणी घ्यायला लावली? मी. कुणाला हात लावू देऊ नको, असं म्हणून माल ताब्यात असल्यासारखा हुकूम कुणी सोडला? मी. आता खरा शेरा मारायचा तर धक्का सहीच्या पलीकडं येत होता. उद्या हा ट्रान्सफॉर्मर घरघरला, जळला, तर माझ्या गळ्यात. 'वाटेत' हा एक शब्द लिहिला की मी सुटत होतो आणि तो स्टिअरिंगवरून उतरत होता.

साहेबांना परत फोन केला आणि सगळं सांगितलं. पलीकडं एवढा वेळ शांतता, की मला वाटलं फोनला विजेचा दाब कमी पडला. मग ते म्हणाले, "नारळ? मी वर नारळ म्हणून सांगू? तू तसं लिहिणार असशील तर उद्या काही झालं तर मी तुला ओळखत नाही."

मी म्हणालो, साहेब, मी लिहितो.

आणि लिहिलं. वाहतुकीत इजा नाही. साइटच्या फाटकात पूजेच्या वेळी नारळ फोडताना डब्याच्या दाराला धक्का, टाकीला नाही, दुसऱ्या बाजूची चकती पांढरी. खाली सही. ही पोच पुण्याच्या ऑफिसात अजून कुठंतरी आहे म्हणतात, आणि नवीन माणूस लागला की त्याला चहाबरोबर दाखवतात.

ड्रायव्हरनं पोच घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. मग त्यानं पहिल्यांदा चहा मागितला. त्याच्या पहिल्या नमस्काराची नोंद मी तेव्हाच मनातून पुसून टाकली.

हायड्रानं ट्रान्सफॉर्मर उचलून ओट्यावर ठेवला. तो हवेत असताना मी त्याच्याखाली जाऊन उभा राहणार होतो, हायड्रावाल्यानं शिव्या देऊन हाकललं. पुढं तपासणीवाले आले, तारांची आणि तेलाची परीक्षा झाली, आकडे व्यवस्थित आले. मी ते त्यांच्याकडून पुन्हा काढून घेतले. चालू करायच्या दिवसापर्यंत माझं वजन इतकं उतरलं, की बायको मला वाळत घातलेल्या सदऱ्यात शोधायची. चालू केला त्या सकाळी मी कुंपणाबाहेर उभा होतो, माझ्यापुढं बाई, मागं दीर. आधी काहीच नाही. मग ट्रान्सफॉर्मर हुं करून घुमायला लागला, मोठ्या पोटाच्या माणसासारखा, जेवल्यानंतरचा. रस्त्यापलीकडं गिरणीचा पट्टा फिरायला लागला. बाईंनी पदर तोंडाला लावला आणि गिरणीकडं चालू लागल्या. भाताचं एक पोतं आधीच गिरणीला लावलेलं होतं.

दिरांच्या हातात नारळ होता. मी दोन्ही हात पसरून ट्रान्सफॉर्मर आणि त्यांच्यामध्ये उभा राहिलो, गोलकीपरसारखा. ते हसले. तो नवा होता, बोअरसाठी टांगायचा. मीच तो भोरच्या बाजारातून आणला होता, दहा दुकानं आणि शंभरेक नारळ कानाशी हलवून.

दुसऱ्या दिवशी मी आंबवड्याच्या ओढ्यातून एक काळा दगड टेम्पोत घालून आणला आणि फाटकाबाहेर रोवला. आत यायच्या आधी ज्याला काय फोडायचं ते इथं फोडायचं, असा नियम केला. नियमाची पाटी लावायच्या आत दगडाला शेंदूर लागला. महिनाभरात मंगळवारी दिवा लागायला लागला. आता बाहेरगावचे लोक मला विचारतात, हा देव कधीचा? मी म्हणतो, फार जुना. मला कुणी पुरावा मागत नाही. या जगात माझ्यासारखी माणसं कमी पडतात ती अशी.

गेल्या उन्हाळ्यात केबलची ड्रमं घेऊन एक ट्रेलर आला. गाडी फाटकाबाहेरच थांबली. तोच ड्रायव्हर, तसाच सरळ आणि कोरडा, स्टिअरिंगवरूनच उतरला. त्यानं दगडावर नारळ फोडला, एकाच दणक्यात. अर्धी वाटी दगडापुढं ठेवली आणि अर्धी माझ्यासमोर धरली.

"घ्या साहेब. माल नंतर बघा."

मी वाटी घेतली, पण खायच्या आधी वास घेतला. तो बघतच होता. मग मी खाल्लं आणि ड्रमांकडं गेलो.